बिनटाक्याची दुर्बीण

कळंबला चिंतामणीच्या देवळात गाभाऱ्याकडे जायला पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. वरचं ऊन डोळ्यांत घेऊन माणूस खाली येतो तेव्हा आधी दिसते ती समईची ज्योत. मूर्ती मागाहून दिसते, डोळे निवले की. दर बारा वर्षांनी कुंडातलं पाणी चढून देवाच्या पायांना लागतं अशी इथली श्रद्धा आहे. मला मात्र त्या पायऱ्यांवर दर वेळी दुसरंच काही आठवतं. खोल आणि अंधाऱ्या जागी नीट पाहायचं, तर उजेड आधी खाली पोचवावा लागतो, आणि तिथलं दृश्य वर आणावं लागतं. ही दोन वेगळी कामं आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. विहिरीत बादली पडली, दोर तुटला, की घरातला आरसा बाहेर निघायचा. दुपारचं ऊन आरशावर झेलायचं आणि त्याची तिरीप विहिरीच्या तळाशी पाडायची. आरसा धरणारा एकीकडे, काठावर ओणवा होऊन गळ सोडणारा दुसरीकडे. ‘जरा इकडं, अजून जरा, बस, हालवू नको,’ असा संवाद चालायचा. आरसेवाल्याचा हात हलला की खाली सगळं काळं. आणि गळवाल्याने तिरिपेच्या आड डोकं घातलं की त्याचीच सावली तळाशी पडायची.

फ्रँकफुर्टच्या फिलिप बोत्सिनी नावाच्या डॉक्टरने १८०६ साली माणसाच्या शरीरात डोकावण्यासाठी जे यंत्र जगापुढे मांडलं, त्यात हेच होतं. मेणबत्ती, तिच्या उजेडाला वळवणारा आरसा आणि एक नळी. उजेड जायची वाट आणि नजर जायची वाट त्याने वेगळी केली होती. म्हणजे गळवाल्याच्या डोक्याची सावली पडू द्यायची नाही, एवढाच मुद्दा. पुढच्या दोनशे वर्षांत या यंत्राचं जे काही झालं ते या दोन वाटांचंच झालं, आणि ते महाग झालं तेही या वाटांपायी.

आपल्याकडे या यंत्राला ‘दुर्बीण’ म्हणतात. ‘पोटात दुर्बीण टाकून पाहिलं,’ ‘दुर्बिणीचं ऑपरेशन झालं,’ ही रोजची भाषा आहे. शिकलेल्या माणसाला ती चुकीची वाटते. दुर्बीण लांबचं पाहायला असते, हे तर हाताच्या अंतरावरचं. पण ऑपरेशन थिएटरमध्ये कान दिला तर सर्जनही त्या लांब दांडीला ‘टेलिस्कोप’च म्हणतात. बायकांच्या तोंडी तर याहून नेमका शब्द आहे: ‘बिनटाक्याचं’. कुटुंब नियोजनाची जी शस्त्रक्रिया पोटाला मोठा छेद न देता, बेंबीखालच्या एका छिद्रातून होते, ती बिनटाक्याची. विदर्भातल्या बहुतेक खेड्यांत पोटाची दुर्बीण पहिल्यांदा पोचली ती हिच्याच निमित्ताने. म्हणून या प्रकरणाची सुरुवातही तिथूनच करायला हवी होती; पण आधी त्या दांडीच्या आत काय असतं ते पाहून घेऊ.

साधी रिकामी नळी घ्या. तीस सेंटिमीटर लांब, आतून सहा मिलिमीटर रुंद. एका टोकाला डोळा लावा. दुसऱ्या टोकाच्या पुढे पाच सेंटिमीटरवर जे आहे, त्यातलं तुम्हाला किती दिसेल? जेमतेम सात मिलिमीटरचा ठिपका. वाटाण्याएवढा. आता त्याच टोकाला सत्तर अंशांचा पसारा पाहणारं एक बारीक भिंग बसवलं, तर त्याच अंतरावर सत्तर मिलिमीटरचा वर्तुळ भाग नजरेत येतो. रुंदी दहापट, क्षेत्रफळ शंभरपट. पित्ताशय, त्याच्या शेजारचं यकृत, मधली नस, सगळं एका नजरेत. तेव्हा टोकाला भिंग हवंच, आणि ते फार महागही नाही.

अडचण त्याच्या पुढे सुरू होते. ते भिंग आपली प्रतिमा नळीच्या तोंडाशीच, आत, मोहरीएवढ्या जागेत तयार करतं. डोळा तीस सेंटिमीटर लांब आहे. ती प्रतिमा तिथून इथवर आणायची कशी?

गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेने उभी राहतात आणि बादल्या हातोहात जातात. नळीतही हेच करतात. एक भिंगांची जोडी प्रतिमा उचलते आणि थोडी पुढे नेऊन ठेवते, तिथून दुसरी उचलते. बादलीतलं पाणी जसं प्रत्येक हाती थोडं सांडतं, तसा प्रत्येक भिंगाच्या पृष्ठभागावर उजेड सांडतो. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून शंभरातले सुमारे चार भाग उजेड परत फिरतो. चार म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण नळीत असे तीस पृष्ठभाग असले तर अखेरीस शंभरातले एकोणतीस भागच डोळ्यापर्यंत येतात. आणि सांडलेला उजेड नुसता वाया जात नाही, तो नळीतच इकडेतिकडे आपटून चित्रावर धूसर पडदा धरतो. काचेवर पातळ लेप देऊन परावर्तन एका टक्क्यावर आणलं, तर तीस पृष्ठभागांनंतर चौऱ्याहत्तर भाग उरतात. चष्म्याच्या दुकानात कोटिंगचे वेगळे पैसे घेतात, त्या कोटिंगचा हाच उपयोग.

शिवाय प्रत्येक हाती बादली उलटी होते, म्हणजे प्रतिमा. टोकाचं भिंग तिला उलटी करतं, पहिली जोडी सुलटी, दुसरी परत उलटी. म्हणून हातांची संख्या विषम ठेवावी लागते: एक, तीन, पाच. नाहीतर सर्जनला यकृत खाली आणि आतडी वर दिसतील.

१८७९ साली माक्सिमिलियान नित्झे याने व्हिएन्नात मूत्राशय पाहण्याची भिंगांची नळी दाखवली तेव्हा टोकाशी उजेडासाठी प्लॅटिनमची तापलेली तार होती, आणि ती शरीर भाजू नये म्हणून भोवती पाणी खेळवावं लागे. त्याची भिंगांची रांग मात्र पुढची ऐंशी वर्षं जवळपास तशीच चालली. बारीक नळी, तिच्यात छोटी भिंगं, दोन भिंगांच्या मध्ये हवा, आणि भिंगं जागची हलू नयेत म्हणून मध्ये धातूच्या आणखी बारीक नळ्या. या आतल्या नळ्यांनीच वाट अरुंद केली होती.

लंडनच्या झोपडवस्तीत १९१८ साली जन्मलेल्या हॅरल्ड हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञाला लिव्हरपूलच्या जेम्स गॉ नावाच्या मूत्ररोगतज्ज्ञाने विचारलं की या दुर्बिणीतून छायाचित्र घेता येईल इतका उजेड मिळेल का. हॉपकिन्सने गणित मांडलं आणि रचनाच उलटी केली. हवेत काचेची भिंगं ठेवण्याऐवजी काचेत हवेची भिंगं ठेवली. म्हणजे नळीत काचेच्या लांब सळ्या भरल्या, त्यांची टोकं गोलाई देऊन घासली, आणि दोन सळ्यांमधली हवेची पातळ फट हेच जणू भिंग. सळी स्वतःच्या लांबीनेच जागेवर बसते, तिला धरायला आतली नळी लागत नाही. त्यामुळे उजेडाची वाट रुंद झाली. आणि हवेपेक्षा काचेतून तीच प्रतिमा अधिक उजेड घेऊन जाते. दोन्ही मिळून फायदा सुमारे नऊपट. १९५९ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. इंग्लंड-अमेरिकेतल्या कारखानदारांनी फारसं लक्ष दिलं नाही. जर्मनीतला कार्ल श्टोर्त्स पुढे आला, आणि १९६७ च्या सुमारास त्या सळ्यांची दुर्बीण बाजारात आली. आज जगभर थिएटरांत जी दांडी हातात असते ती बहुतेक या कुळातली आहे.

उजेडाची दुसरी वाटही हॉपकिन्सच्याच खोलीतून गेली. पंजाबातल्या मोग्याचा नरिंदरसिंग कपानी त्याच्याकडे संशोधन करत होता; काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेता येते हे दोघांनी १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये छापलं. पुढे तंतूंची जुडी बाहेरच्या दिव्याचा उजेड आत न्यायला लागली आणि नित्झेची तापती तार कायमची गेली. आरसेवाला आणि गळवाला असे एकाच दांडीत शेजारी उभे राहिले, आणि एकाची सावली दुसऱ्यावर पडेना.

आता ही दांडी हातात घेऊन पाहिलीत तर एवढ्याशा वस्तूला लाखाच्या घरात किंमत का, हे कळत नाही. कारण आत आहे. त्या प्रत्येक सळीची दोन्ही टोकं घासायची, चकचकीत करायची, त्यांना लेप द्यायचा, रंग फाटू नयेत म्हणून वेगळ्या काचेचा तुकडा चिकटवायचा, आणि सगळ्यांचे मध्य एका रेषेत आणायचे. एक सळी केसभर कलली की कडेला धूसर. वर ही दांडी प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, १३४ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करायची असेल तर काच, गोंद आणि पोलाद तिन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. गोंदाची कड उघडली की वाफ आत शिरते आणि पुढच्या वेळी चित्रात कायमचं धुकं. ट्रेमध्ये दांडी जरा आपटली की एखादी सळी तडकते आणि चित्राच्या एका कडेला चंद्रकोरीसारखा काळा डाग पडतो. थिएटरमधल्या ब्रदरला तो डाग लगेच ओळखू येतो. मग दांडी डब्यात घालून दुरुस्तीला मुंबईला. ती परत येईपर्यंत पोट चिरूनच ऑपरेशन.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ साली पोटात दुर्बीण घालून निदान करायला सुरुवात केली, तेव्हा सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आपल्याकडे नव्हते. पोटात पाणी झालंय ते क्षयाने की कर्करोगाने, हे ठरवायला पोट उघडावं लागे. सार्वजनिक रुग्णालयातल्या गरीब रोग्याचा तो मोठा छेद एका छोट्या छिद्रावर आणणं हा त्यांच्या हट्टाचा विषय होता. ३१ मे १९९० रोजी त्याच रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं, भारतात पहिल्यांदाच. विकसनशील देशांना हे तंत्र परवडणार नाही असं जग म्हणत असताना त्यांचं म्हणणं उलटं होतं: ज्याचं पोट हातावर आहे, त्यालाच महिनाभर खाटेवर पडणं परवडत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत कळंब-राळेगावकडच्या बाईला हे समजावून सांगायला लागत नाही.

बिनटाक्याच्या दुर्बिणीकडे परत येऊ. ऐंशीच्या दशकात भारतभर शिबिरांतून जी दुर्बीण फिरली ती ‘लॅप्रोकेटर’, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कार्यक्रमातून खेड्यांसाठी सोपी केलेली. (या हॉपकिन्सचा आणि सळ्यांच्या हॉपकिन्सचा संबंध नाही.) तिचा विचार मला आजही आवडतो. कॅमेरा नाही, पडदा नाही. डॉक्टर डोळ्याने थेट पाहणार. दोन छिद्रांऐवजी एकच, कारण त्याच दांडीत शेजारून हत्यारही जातं. हत्याराला सरळ वाट हवी म्हणून डोळ्याचं भिंग बाजूला सरकवलेलं. आणि हत्याराच्या टोकाला सिलिकोन रबराची कडी: बाहेरून ३.६ मिलिमीटर, आतलं भोक एक मिलिमीटरचं. ताणून बसवायची, बीजनलिकेचा वेढा तिच्यात ओढायचा आणि सोडून द्यायची. त्या कडीत थोडं बेरियम मिसळलेलं असतं, एक्स-रेत दिसावं म्हणून. ही कडी इन बे यून या कोरियन वंशाच्या डॉक्टरने बनवली.

इथे पाहणाऱ्याला काय ओळखायचं असतं? गर्भाशय, आणि त्याच्या दोन बाजूंच्या नळ्या. कर्करोगाचा मोहरीएवढा ठिपका शोधायचा नसतो. म्हणून भिंगांची संख्या, रंगांची शुद्धता, कडेची स्पष्टता या सगळ्यांत सवलत घेता आली. स्वस्त दुर्बिणीचा पहिला धडा हा आहे, आणि तो काचेचा नाही, कामाचा आहे. आधी काय ओळखायचं ते ठरवा, मग कोणतं भिंग काढता येईल ते कळतं.

पण दुर्बीण सोपी झाली तरी पुरेशी स्वस्त झाली नव्हती. ती शिबिरात एकटीच यायची.

८ नोव्हेंबर २०१४ ला छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या १३ जणी पुढच्या काही दिवसांत गेल्या. औषधं दूषित होती की जंतुसंसर्ग झाला, यावर पुढे वाद झाला; त्यात मी शिरत नाही. मी फक्त दुर्बिणीचं गणित मांडतो. शिबिरातली ही गोंदाची, भिंगांची दांडी उकळता येत नाही. ती दोन टक्के ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून ठेवतात. दोन रोग्यांच्या मध्ये किमान वीस मिनिटं. एकच दुर्बीण असेल आणि ती दर वेळी खरोखर वीस मिनिटं बुडवली, तर ८३ शस्त्रक्रियांसाठी निव्वळ बुडवण्यातच सत्तावीस तासांहून जास्त जातात. काही तासांत ८३ होत असतील तर ती बुडत नव्हती, एवढं गणित सांगतं. त्याच महिन्यात ओडिशातल्या एका शिबिरात आत जागा व्हावी म्हणून पोट फुगवतात त्यासाठी सायकलचा पंप वापरल्याचं उघड झालं. अशा गोष्टींना ‘जुगाड’ म्हणून कौतुकाने टाळ्या देणारे लोक मला आवडत नाहीत. स्वस्तात करणं आणि वगळून करणं यांतला फरक टेबलावर झोपलेल्या बाईला विचारा.

तो फरक ज्यांनी नेमका पाळला अशा एका मराठी सर्जनचं नाव इथे घ्यायला हवं. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. हर्नियावर बसवायची परदेशी जाळी महाग, म्हणून त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी वापरली. पण नुसती वापरली नाही. कापड कशाचं विणलेलं आहे ते तपासलं, वाफेत टिकतं का पाहिलं, इतर सर्जनांना सोबत घेऊन रोग्यांचा पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात निकाल छापले. आधी लोक हसले, नंतर आफ्रिकेतही ती जाळी गेली.

दुर्बिणीच्या बाबतीत मच्छरदाणी कोणती?

सळ्यांना पर्याय म्हणून एक सुंदर कल्पना होऊन गेली. मे महिन्यात कळंबहून नागपूरच्या रस्त्याला लागा. पुढे डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसतं. डांबरालगतची हवा तापलेली आणि विरळ, वरची थंड आणि दाट; मधल्या क्रमाक्रमाने बदलणाऱ्या थरांतून आभाळाचा किरण वाकून डोळ्यात येतो. मृगजळ. आता काचेची अशी काडी करा की जिच्या मध्यात काच ‘दाट’ आणि कडेकडे हळूहळू ‘विरळ’ असेल. तिच्यातून किरण सरळ जातच नाहीत, नागमोडी वळत जातात आणि ठरावीक अंतरावर पुन्हा एकत्र येतात. टोकं सपाट कापली तरी ती भिंगासारखी वागते. गोलाई घासायला नको. जपानमध्ये १९६८ च्या सुमाराला अशा काड्या निघाल्या. सुईएवढ्या बारीक दुर्बिणींत त्या आजही आहेत. पण काचेत क्षार भिनवून तो उतार आणायचा म्हणजे भट्टीतलं हळुवार काम, आणि रंगांची गडबड राहतेच. स्वस्ताईचा खरा रस्ता तिथून गेला नाही.

तो गेला बोअरवेलमधून.

यवतमाळकडे उन्हाळ्यात जुन्या बोअरचं पाणी आटलं की कॅमेरावाल्याला बोलावतात. साडेसहा इंची भोक, दोन-तीनशे फूट खोल. त्याच्याकडे केबलचं रीळ, टोकाला मुसळासारखा कॅमेरा, भोवती पांढऱ्या दिव्यांचं कडं, आणि वर पाहायला छोटा पडदा. तो केबल सोडत जातो. पडद्यावर केसिंगचे जोड, खडकाची भेग, भेगेतून पाझरणारं पाणी दिसत जातं. शेतकरी मागे उभा राहून विचारतो, ‘भाऊ, हे झरा व्हय का?’ या माणसाने दोनशे फूट लांब भिंगांची रांग बोअरमध्ये का सोडली नाही, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. उजेड वर आणायचाच नाही. डोळाच खाली सोडायचा आणि वर आणायची ती वीज. तारेतून वीज दोनशे फूट आली काय नि तीस सेंटिमीटर आली काय, तिच्यात सळ्या नाहीत, सांडणं नाही, उलटंसुलटं नाही.

पोटाच्या दुर्बिणीत हे इतकी वर्षं का झालं नाही? कारण टोकाच्या एक सेंटिमीटरमध्ये मावेल असा डोळा नव्हता. नव्वदच्या दशकात नासाच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांनी ज्या सीमॉस संवेदकाला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या विजेच्या डोळ्याला, आकार दिला, त्याला मोबाइल फोनने घराघरांत नेलं आणि किंमत पार खाली आणली. २०१९ मध्ये ओम्नीव्हिजन कंपनीच्या एका संवेदकाची जगातला सर्वांत लहान म्हणून गिनीज बुकात नोंद झाली: बाजू ०.५७५ मिलिमीटर. साखरेच्या दाण्यावर ठेवता येईल. त्यावर चाळीस हजार ठिपके, दोनशे बाय दोनशे.

टोकाला असा संवेदक बसवला की भिंगांचं सगळं गणित बदलतं. डझनावारी घासलेल्या पृष्ठभागांच्या जागी दोन-तीन प्लास्टिकची भिंगं, साच्यातून एका वेळी शेकड्यांनी निघणारी. फोकसचं चाक तर लागतच नाही, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. भिंग जितकं आखूड नजरेचं, तितकं ते अंतराच्या बाबतीत उदार. नाभीय अंतर एक मिलिमीटर, छिद्र त्याच्या एक-पंचमांश, आणि तीन हजारांश मिलिमीटरपर्यंतचा अस्पष्टपणा चालत असेल, तर हे भिंग ६७ मिलिमीटरवर एकदा बसवून चिकटवून टाकलं की सुमारे ३३ मिलिमीटरपासून पुढचं सगळं स्पष्टच दिसतं. पोटात काम करण्याचं अंतर बहुधा तेच असतं. कॅमेऱ्याचं भिंग दहा मिलिमीटर नाभीय अंतराचं असतं तर त्या ६७ मिलिमीटरच्या जागी जवळजवळ पावणेसात मीटर आले असते. लहान असणं इथे उणेपण नाही, सोय आहे. कडेच्या रेषा पिंपासारख्या फुगतात त्या संगणकाने सरळ करायच्या. त्यासाठी वेगळं भिंग बसवायला नको.

ठिपके किती हवेत? पुन्हा तोच प्रश्न: काय ओळखायचं? पाच सेंटिमीटरवर सत्तर मिलिमीटर रुंद दृश्य दोनशे ठिपक्यांत वाटलं, तर एका ठिपक्याला ०.३५ मिलिमीटर. बीजनलिका ओळखायला पुरे. पित्ताशयाची दोन मिलिमीटरची धमनी पाच-सहा ठिपक्यांची, तिच्यावर क्लिप लावायला मी तयार होणार नाही. साध्या वेबकॅमचे ६४० ठिपके घेतले तर तीच धमनी अठरा ठिपक्यांची होते. जेवढं काम तेवढे ठिपके. चार हजारांचा पडदा कॉर्पोरेट रुग्णालयाच्या माहितीपत्रकात शोभतो.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात या धर्तीवर ‘कीस्कोप’ नावाची दुर्बीण तयार झाली: टोकाला संवेदक आणि दिव्यांचं कडं, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. भिंतीएवढी कॅमेऱ्याची आणि दिव्याची उतरंड गेली. इकडे ईशान्य भारतातल्या खेड्यांत काम करणारे डॉ. ज्ञानराज आणि इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाची मंडळी यांनी पोट फुगवायचा वायूच काढून टाकला. कडीने पोटाची भिंत वर उचलून धरायची, पूर्ण भूल द्यायची गरजही कमी. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ आणि कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर दोन्ही हाकेच्या अंतरावर नसतात, हे ज्याने भोगलं त्यालाच हे सुचतं. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा–कळंब रेल्वे सुरू झाली, सेवाग्रामच्या दवाखान्याची वाट थोडी सोपी झाली. पण पोटात कळ आलेल्या माणसाला गाडीच्या वेळेपर्यंत थांब म्हणता येत नाही.

मग मोटार मेकॅनिकचा, फोनला जोडायचा पाचशे-सातशे रुपयांचा वायरवाला कॅमेराच का नको? आतला संवेदक आणि भिंग फार निराळे नसतात. निराळं असतं ते बाकीचं सगळं. त्याच्या टोकाच्या काचेभोवतीचा गोंद द्रावणात महिन्याभरात सुटेल. दिवे तापतील, आतड्याला टेकलेलं टोक तापता कामा नये. लाल रंग भगभगीत दिसेल, आणि पोटात सगळं लालच असतं. पित्ताचा हिरवा आणि रक्ताचा काळपट यांतला फरक गेला तर पाहणं व्यर्थ. आणि चित्र पडद्यावर यायला पाव सेकंद उशीर झाला तरी हात पुढे गेलेला असतो. कारागिराच्या हातात करवत आणि डोळ्यांसमोर मघाचं लाकूड, असं ते होतं.

आणि धुकं. हे साध्या आणि महागड्या दोन्ही दुर्बिणींना सारखंच. थिएटर वीस-बावीस अंशांचं, पोट सदतीस अंशांचं. थंड काच आत गेली की चष्म्यावर चहाची वाफ बसावी तशी ओल धरते. म्हणून सिस्टरच्या ट्रॉलीवर घरच्यासारखा थर्मास असतो, गरम सलाईन भरलेला. दांडी त्यात काही क्षण बुडवायची, गॉजने पुसायची, त्याच पांढऱ्या गॉजवर कॅमेऱ्याला ‘पांढरं म्हणजे हे’ असं दाखवून द्यायचं, आणि मग आत. लाखांच्या यंत्राचा सर्वांत विश्वासू जोडीदार दोनशे रुपयांचा थर्मास.

संवेदकाच्या दुर्बिणीचा मोठा फायदा मला चित्रात वाटत नाही, सांध्यांत वाटतो. सळ्या नसल्या की दांडी एकसंध, जोडाविना बंद करता येते. टोकाला एकच काच, मागे एकच तार. ती बिनधास्त द्रावणात पूर्ण बुडवता येते, आपटली तरी चंद्रकोर पडत नाही. आणि एका दुर्बिणीच्या पैशांत तीन येतात. सरकारी मानकांतही एका पथकासाठी तीन दुर्बिणी आणि दिवसाला जास्तीत जास्त तीस शस्त्रक्रिया असा आकडा आहे. शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ ला सांगितलं, तरी तो आकडा दवाखान्यालाही लागू पडतो. बिनटाक्याच्या एका शस्त्रक्रियेला सरावलेल्या हाताला दहा मिनिटं धरली, तर एक दुर्बीण हातात, दोन ट्रेमध्ये. पहिली बाहेर आली की द्रावणात जाते. दुसरीची दहा, तिसरीची दहा, आणि वीस मिनिटं भरून पहिली पुन्हा तयार. धुण्या-विसळण्याची मिनिटं वर धरली तरी तीस शस्त्रक्रियांना पाच-सहा तास. सकाळी नऊला सुरू केलं तर दुपारच्या चहापर्यंत सिस्टर ट्रे रिकामा करत असेल.